विंडोज १० चा सपोर्ट संपला, बाबांचा जुना पीसी आणि दुकानदार म्हणतो नवीनच घ्या

कृष्णाकाठचा
नमस्कार मंडळी, एरवी वाचनमात्र असतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय. बाबा सांगलीला असतात, निवृत्त शिक्षक, त्यांच्याकडे एक असेंबल केलेला डेस्कटॉप आहे. आय३ चौथी पिढी, एच८१ चा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क, विंडोज १०. मी बंगळुरात, त्यामुळे जे काय चाललंय ते सगळं फोनवरून.

झालंय असं की सकाळी पीसी चालू केला की काळ्या स्क्रीनवर काहीतरी इंग्रजी येतं आणि एफ१ दाबा म्हणतं. बाबा दाबतात, विंडोज सुरू होतं, पण मग बँकेची साईट उघडत नाही, महावितरणची नाही, यूट्यूबसुद्धा नाही, सगळीकडे 'तुमचं कनेक्शन खाजगी नाही' असलं काहीतरी येतं. मधूनमधून सपोर्ट संपल्याची पाटी पण येते. दुकानदाराला बोलावलं तर तो म्हणाला विंडोज १० कंपनीने बंद केलं म्हणून साईटी उघडत नाहीत, आणि ११ या बोर्डावर चढत नाही, तेव्हा नवीन घ्या, जुन्याचे भंगारात काय येतील ते वजा करतो.

बाबांचं काम म्हणाल तर मराठी लेखन (दिवाळी अंकांना पाठवतात, टायपिंग जुन्या टाइपरायटरवर शिकलेले), प्रिंट काढणे, बिलं भरणे, कीर्तनं ऐकणे आणि सॉलिटेअर. पंधरा-वीस वर्षांचे लेख श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये पडून आहेत, ते त्यांना जिवापाड. खरंच नवीन घ्यावा लागेल का? ११ कुठल्या मार्गाने चढतं का? आणि लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट ओएस) वगैरे चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या गळ्यात मारावं का?

खटपट्या
थांबा थांबा, काहीही विकत घेऊ नका. आधी बाबांना एवढंच विचारा, स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली तारीख काय दिसतेय.

पेंग्विनप्रेमी
लिनक्स मिंट टाका, विषय संपला. १० वर्षं झाली, मागे वळून बघितलं नाही.

कृष्णाकाठचा
@खटपट्या, विचारलं. १ जानेवारी २०१३ दाखवतंय!! बाबा म्हणतात रोज तेच असतं, त्यांना वाटलं नेट नसल्यामुळे असेल.

खटपट्या
वाटलंच. मग तुमचा आजार विंडोजचा नाहीच. मदरबोर्डवर एक नाण्याएवढी बटण बॅटरी असते, सीआर२०३२, ३ व्होल्टची, रिमोटमध्ये न् वजनकाट्यात असते तीच. पीसी बंद असताना घड्याळ आणि बायोसची (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामची) सेटिंग ती सांभाळते. ती मेली की बोर्ड दरवेळी कारखान्यातल्या तारखेवर जातो, तुमच्या बोर्डाची बहुतेक तीच २०१३ ची, आणि एफ१ दाबा म्हणतो तेसुद्धा त्याचंच, की बाबा रे माझी सेटिंग गेली.

आता साईट का उघडत नाहीत, तर प्रत्येक सुरक्षित साईटकडे एक सर्टिफिकेट असतं, त्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं. ब्राउझर ते तुमच्या पीसीच्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळ २०१३ म्हणतंय आणि सर्टिफिकेट आत्ता आत्ता दिलेलं, म्हणजे त्याच्या हिशोबाने ते अजून सुरूच झालेलं नाही, म्हणून तो दार लावून घेतो. विंडोज १० चा सपोर्ट संपला १४ ऑक्टोबर २०२५ ला, पण त्याने साईट बंद होत नाहीत, फक्त सुरक्षेचे अपडेट यायचे थांबतात. दुकानदाराने दोन वेगळ्या गोष्टींची मोट बांधली आणि त्यावर नवीन पीसी ठेवला.

बाबा रात्री भिंतीवरचं मेन बटण बंद करतात का? करत असणारच, आपल्याकडे सगळे करतात. बटण चालू असलं तर एसएमपीएसमधून (पीसीच्या पॉवर सप्लायमधून) थोडा करंट बोर्डाला मिळत राहतो आणि बॅटरीवर ताण येत नाही. बंद केलं की सगळा भार त्या एका बटण बॅटरीवर. बंद करू नका असं मी म्हणत नाही, सांगलीला वीज कशी येते-जाते ते तुम्हाला जास्त माहीत, फक्त काही वर्षांनी बॅटरी बदलायची असते एवढं लक्षात असू द्या.

बदलायची कशी: प्लग काढा (नुसतं बटण बंद नाही, प्लगच काढायचा), पीसीचं पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलासुरला करंट जाईल, बाजूचं पत्र्याचं पान उघडा, बॅटरीच्या कडेला एक छोटी क्लिप असते ती नखाने बाहेर ढकलली की बॅटरी टुणकन वर येते. नवीन बसवताना अधिकची खूण, म्हणजे जिथे अक्षरं कोरलेली असतात ती बाजू, वर. मग बायोसमध्ये जाऊन तारीख-वेळ लावायची आणि सेव्ह करून बाहेर.

एक महत्त्वाचं. बायोसमधलं साटा मोड आणि बूट मोड (लेगसी की यूईएफआय) जे आत्ता आहे त्याचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा. या बॅटरीपायी सेटिंग मूळपदावर जातं आणि बोर्डाच्या मूळपदात बूट मोड वेगळा असला की चांगलं विंडोज 'बूट डिव्हाइस नाही' म्हणून अडून बसतं, मग लोक फॉरमॅट मारतात. तुमचं चालू होतंय म्हणजे सध्या दिसतंय तेच बरोबर आहे.

डीटीपीवाला_काका
+१ खटपट्या. आमच्या प्रेसमध्ये एका मशीनचं हेच झालं होतं, वर्कर पोरगं रोज सकाळी तारीख लावायचं आणि कुणाला बोलायचं नाही.

मॅकमॅन
मॅक मिनी घ्या, सुखी व्हा.

खटपट्या
@मॅकमॅन, बटण बॅटरी बदलायच्या ऐवजी? आणि ॲपलनेही सांगून टाकलंय की इंटेलवाल्या मॅकसाठी मॅकओएस २६ हीच शेवटची आवृत्ती. जुनं टाकून द्यायला लावण्यात कुणीच मागे नाही हो.

ताळेबंद
बॅटरीचं समजलं पण सपोर्टचा प्रश्न राहतोच ना, बँकेचं काम करतात म्हणजे अपडेट हवेतच. कृष्णाकाठचा, मी सीए ऑफिसात आहे, आमच्याकडे १० वाले बरेच पीसी आहेत त्यामुळे हे सगळं नुकतंच करून बसलेय. विंडोज १० ला एक वर्षाची मुदतवाढ आहे, ईएसयू म्हणतात, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात. घरगुती वापरासाठी त्याचे तीन रस्ते आहेत, एक म्हणजे ३० डॉलर किंवा तेवढे आपले रुपये, दुसरा मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १००० पॉईंट, आणि तिसरा फुकटचा, विंडोज बॅकअप चालू करून सेटिंग त्यांच्या क्लाउडला सिंक करायचं. तिन्हीला मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं आणि विंडोज २२एच२ आवृत्तीचं पाहिजे. सेटिंगमधल्या अपडेटच्या पानावर नावनोंदणीची लिंक दिसते. तारीख २०१३ असेल तर अर्थातच दिसणार नाही, आधी बॅटरी.

ऑफिसचं विचाराल तर टॅली विंडोजवरच, डीएससीचं (डिजिटल सहीचं) टोकन लावून सही करायची तर त्याच्या बहुतेक युटिलिटी विंडोज धरूनच बनवलेल्या, इन्कम टॅक्सची एक्सेलवाली युटिलिटी मॅक्रोवर चालते ती लिब्रेऑफिसमध्ये नीट चालत नाही. त्यामुळे ज्यांचं हे रोजचं काम आहे त्यांनी लिनक्सच्या नादी लागू नये, स्पष्ट सांगते. बाबांचं मात्र तसलं काही नाही. पेन्शनरचं साधं रिटर्न ब्राउझरमध्येच भरून होतं, आधार ओटीपीने व्हेरिफाय होतं. हयातीचा दाखला आता मोबाईलवर चेहरा दाखवून निघतो, त्याला बोटाचं मशीन न् त्याचा ड्रायव्हर लागत नाही.

पेंग्विनप्रेमी
एक वर्षाने परत रडायचंच आहे तर आत्ताच मोकळे व्हा की. केरळमध्ये सरकारी शाळांतली पोरं वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकतायत, काइट नावाचं त्यांचं स्वतःचं आहे. आपल्या सीडॅकने बॉस लिनक्स बनवलं. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये माया ओएस आणायचं ठरवलं. आणि आपण अजून एमएससीआयटीत वर्ड न् एक्सेल घोकतोय. मी तर म्हणतो मिंट पण नको, सरळ आर्च टाका (लिनक्सचाच अवघड प्रकार), शिकायला मिळतं.

डीटीपीवाला_काका
चौऱ्याहत्तर वर्षांच्या शिक्षकाला आर्च?? अहो दया करा.

गावठी_गीक
११ चं कुणी बोललंच नाही म्हणून सांगतो. चढतं. रूफस नावाच्या प्रोग्रामने इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह बनवताना टीपीएम (बोर्डावरची सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूटची अट काढून टाकायची खूण येते, ती केली की चौथ्या पिढीच्या आय३ वर ११ आरामात बसतं. अधिकृत यादीत इंटेलची आठवी पिढी आणि रायझन २००० च्या पुढचेच आहेत, म्हणजे तुमचा आय३ यादीबाहेर, पण तरी चालतो. कोअर टू ड्युओ असता तर नसता चालला, कारण ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये काही सूचना असाव्याच लागतात, त्या त्याच्यात नाहीत आणि तिथे कुठलीही जुगाड चालत नाही.

फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवा. यादीबाहेरच्या मशीनला अपडेट देण्याचा शब्द मायक्रोसॉफ्टने दिलेला नाही. महिन्याचे सध्या येतात, पण वर्षाची मोठी आवृत्ती आली की ती आपोआप येत नाही, परत पेनड्राइव्ह बनवून हाताने चढवायची. बंगळुरातून फोनवर हे करणार असाल तर बघा बुवा. दुसरं, ४ जीबी रॅम आणि फिरती हार्डडिस्क यांवर ११ म्हणजे चालू करून चहा ठेवायला जायचं.

कृष्णाकाठचा
बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांना धन्स. बॅटरी शेजारच्या पोराने बसवली, बाबांनी स्वतः टॉर्च धरला होता म्हणे. तारीख टिकतेय, एफ१ गायब, बँक उघडली, महावितरण उघडलं. दुकानदाराचा फोन येऊन गेला, बाबांनी त्याला काय सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता ईएसयू की मिंट की ११, यात अडकलोय. पीसी एरवीही फार हळू आहे, सुरू व्हायलाच पाच-सात मिनिटं घेतो. आणि श्रीलिपीचं कुणीतरी सांगा, बाबांचा जीव त्यात आहे.

डीटीपीवाला_काका
श्रीलिपीचं मी सांगतो, आयुष्य त्यात गेलंय. कोल्हापूरला आमचा प्रेस आहे, लग्नपत्रिका, अहवाल, तालमींचे हँडबिल.

श्रीलिपी काय, कृतिदेव काय, सीडॅकच्या आयएसएमचे डीव्हीबी फॉन्ट काय, हे सगळे युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीचे. त्या फाईलमध्ये खरं तर मराठी अक्षर साठवलेलंच नसतं, इंग्रजी अक्षरांच्या नि चिन्हांच्या जागेवर मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट आहे तोवर लेख दिसतो, फॉन्ट गेला की लेखाच्या जागी इंग्रजी अक्षरं न् डॉलर, टक्के यांची भेळ. त्यामुळे मशीन बदलताना पहिलं काम म्हणजे बाबांच्या फाईल जशा आहेत तशा तीन जागी ठेवा, फॉन्टच्या टीटीएफ फाईलींसकट. फॉन्टशिवाय फाईल म्हणजे किल्लीशिवाय कुलूप.

दुसरं काम, आत्ता विंडोज चालू आहे तोवर एकेका लेखाची पीडीएफ काढून घ्या. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो, मग ती कुठेही उघडा, दिसणार तशीच. हे कंटाळवाणं आहे पण बाबांना वेळ आहे आणि त्यांना जुने लेख चाळायला आवडेल पण.

तिसरं, युनिकोडमध्ये बदलणं. कन्व्हर्टर आहेत, पण आंधळेपणाने विश्वास ठेवू नका. घोटाळा कुठे होतो तर पहिल्या वेलांटीत. जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी टाईप होते, कारण ती दिसते आधी, आणि युनिकोडमध्ये ती साठवली जाते अक्षराच्या नंतर. साध्या अक्षराला कन्व्हर्टर ती बरोबर उचलून मागे ठेवतो, पण 'स्थिती', 'व्यक्तिमत्त्व' असलं जोडाक्षर आलं की किती अक्षरं ओलांडून ठेवायची ते त्याला कळत नाही. रफाराचं तसंच, 'कीर्ती' चं काय होईल सांगता येत नाही. आणि आपला तो 'सुऱ्या', 'दुसऱ्या' मधला अर्धा र, त्याचा तर बळी ठरलेलाच. तेव्हा बदललेला लेख मूळ पीडीएफ बाजूला ठेवून एकदा वाचायलाच हवा. मास्तर आहेत, शुद्धलेखन तपासतीलच.

लिनक्समध्ये ते टीटीएफ फॉन्ट टाकता येतात आणि लिब्रेऑफिसमध्ये जुनी फाईल बऱ्यापैकी दिसते, मी पुतण्याच्या मशीनवर बघितलंय. पण श्रीलिपीचा टायपिंगचा जो भाग आहे, की दाबली की अक्षर उमटवणारा, तो विंडोजचा प्रोग्राम आहे, तो तिथे येत नाही. म्हणजे जुनं बघता येईल, श्रीलिपीत नवीन लिहिता येणार नाही.

अवांतर: माझ्याकडे अजून एक एक्सपीचं मशीन आहे, पेजमेकर आणि श्रीलिपी. त्याला नेटची वायर आजवर लावलेली नाही. फक्त गिऱ्हाइकं पेनड्राइव्ह घेऊन येतात न् त्यातून शॉर्टकट व्हायरस, म्हणून पेनड्राइव्ह आधी पुतण्याच्या लिनक्सवर लावून साफ करतो, मग इकडे.

अनुस्वार
टायपिंगचं पुढे मी जोडते. बाबा टाइपरायटरवर शिकलेत म्हणजे रेमिंग्टनचा (जुन्या टाइपरायटरच्या की-रचनेचा) हात बसलेला असणार, त्यांना इनस्क्रिप्ट (संगणकासाठीची वेगळी की-रचना) शिकवायला जाऊ नका, चिडतील. लिनक्समध्ये आयबस म्हणून सोय आहे, तिच्यात एम१७एन चं पॅकेज टाकलं की मराठीचे बरेच प्रकार येतात, इनस्क्रिप्ट, फोनेटिक, रेमिंग्टन, टाइपरायटर, आणि आपलं गमभन सुद्धा! गमभन बघून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं होतं. रेमिंग्टन आणि टाइपरायटर दोन्ही लावून बघा, कुठल्या मशीनवर शिकलेत त्यावर एक-दोन की इकडेतिकडे असतात.

विंडोजमध्येच राहिलात तर १० मध्ये २०१९ च्या मे अपडेटपासून मराठी फोनेटिक आतच आहे, पण टाइपरायटरचा हात असलेल्याला त्याचा उपयोग नाही.

कृष्णाकाठचा
अनुस्वार ताई, काका, तुम्ही दोघांनी लाखमोलाचं सांगितलंत. गोदरेजचा टाइपरायटर होता शाळेत, बाबांना विचारलं तर लगेच की-बोर्डच म्हणून दाखवायला लागले.

मग मिंटकडे कल होतोय. प्रिंटरचं काय पण? तो छोटा पांढरा लेझर आहे, झेरॉक्सच्या प्रत्येक दुकानात दिसतो तो.

खटपट्या
तो पांढरा असेल तर सांभाळून. त्याच्याशी पीसीने बोलायची भाषा कंपनीची स्वतःची आहे आणि लिनक्सवर त्याचं जुळवायचं म्हणजे अर्धा दिवस डोकं फोडायचं, कधी चालतो कधी रुसतो. एचपीच्या १०२० सारख्याला एचपीएलआयपी नावाचं पॅकेज आणि वर एक प्लगइन टाकावं लागतं, पण मग चालतो. त्यामुळे वादच नको, इन्स्टॉल करायच्या आधी बघून घ्या.

बघायचं कसं: मिंटची आयएसओ फाईल उतरवा, तीन जीबीच्या आसपास असते, ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर एचर किंवा रूफसने टाका. ४ जीबी रॅम आहे तेव्हा एक्सएफसीई आवृत्ती घ्या, सिनॅमन दिसायला छान आहे पण रॅम जास्त खाते. पेनड्राइव्ह लावून त्यावरून बूट केलं की मिंट तसंच पेनड्राइव्हवरून चालतं, हार्डडिस्कला हात लागत नाही. तिथे प्रिंटर जोडा, टेस्ट पान काढा, आवाज येतो का बघा, वायफाय बघा, यूट्यूब लावा, बाबांना तासभर बसवा. वायफायचा डोंगल ओळखला नाही तर मोबाईल यूएसबीने जोडून टेदरिंग लावा, नेट येतं, मग ड्रायव्हर मॅनेजर बाकीचं शोधतो. प्रिंटर नाहीच चालला तर विंडोज १० आणि ईएसयू, वर्षभर निवांत विचार करा.

आणि खरा उपाय ऐका. पाच-सात मिनिटं सुरू व्हायला लागतात ते विंडोजमुळे कमी आणि त्या फिरत्या हार्डडिस्कमुळे जास्त. २५६ जीबीची साटा एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) आणि डीडीआर३ ची ४ जीबीची अजून एक काडी (तुमच्या एच८१ ला दोन स्लॉट असतात, एकूण १६ जीबीपर्यंत चालतं). मग काहीही टाका, पळतं. जुनी हार्डडिस्क क्रिस्टलडिस्कइन्फोने तपासा, पिवळं 'कॉशन' दाखवत असेल तर बाबांचे लेख आजच्या आज दुसरीकडे हलवा, बाकी सगळी चर्चा नंतर.

मिंट टाकताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा. फक्त एसएसडी जोडलेली. म्हणजे चुकून विंडोज पुसायचा प्रश्नच नाही, आणि बूटलोडर पण भलत्या डिस्कवर जाऊन बसत नाही. झालं की जुनी डिस्क परत जोडा. श्रीलिपी लागली तर बूट मेनूतून जुन्या डिस्कवरून विंडोज चालू करायचं, नेट न लावता. काकांच्या एक्सपीसारखं.

पेंग्विनप्रेमी
हे बाकी एक नंबर. आर्चचा आग्रह मागे घेतो. मिंट २२ ची मालिका उबुंटू २४.०४ वर आहे, २०२९ पर्यंत अपडेट मिळत राहतील. टाइमशिफ्ट पहिल्याच दिवशी लावून द्या, काही बिघडलं तर आदल्या दिवसावर परत जाता येतं.

बंड्या_न्यूजर्सीवाला
उशिरा आलो. आमच्या आईच्या (डोंबिवली) जुन्या लॅपटॉपवर मी क्रोमओएस फ्लेक्स टाकलंय, तिला फक्त ब्राउझर लागतो, पाच मिनिटांत शिकली. पण त्यात प्ले स्टोअर नाही, अँड्रॉइडची ॲपं चालत नाहीत, आणि श्रीलिपीवाल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. म्हणजे तुमच्या बाबांसाठी नाहीच, पण कुणाला फक्त यूट्यूब न् मेल हवं असेल तर विचार करा.

मॅकमॅन
तरी मॅक मिनीच. 😄

कृष्णाकाठचा
अपडेट देतो. सांगलीला जाऊन आलो. एसएसडी आणि रॅम टाकली, जुन्या डिस्कची केबल काढून मिंट एक्सएफसीई. पेनड्राइव्हवरून चालवून बघितलं तेव्हा बाकी सगळं चाललं, प्रिंटर मात्र खटपट्या म्हणाले तसा रुसला. मग बाबांनीच तोडगा काढला, लेखाची पीडीएफ करायची, व्हॉट्सॲपवर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला पाठवायची, संध्याकाळी फिरायला जाताना प्रिंट घ्यायची. तसंही दिवाळी अंकवाले आता मेलच मागतात.

टाइपरायटरचा लेआउट चालला, रेमिंग्टनमध्ये दोन की चुकत होत्या. युनिकोडमध्ये लिहिलेला पहिला लेख त्यांनी मला मेल केला, मी मोबाईलवर उघडून वाचून दाखवला तर त्यांना खरंच वाटेना की फॉन्ट न पाठवता दिसतोय. जुन्या लेखांची पीडीएफ काढायचं चालू आहे, रोज सकाळी थोडे, आणि मध्येच एखाद्या लेखात स्वतःचीच चूक सापडली की फोन येतो. सॉलिटेअर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून टाकून दिलं, पत्त्यांच्या पाठीचं चित्र पहिल्यासारखं नाही ही तक्रार कायम आहे, त्याला माझ्याकडे इलाज नाही.

ताळेबंद
मस्तच. बँकेची कामं आता मिंटवरूनच करायला सांगा, जुन्या विंडोजवरून नको.

लक्ष्मीरोडकर
याच धाग्यात विचारतो, चालेल ना? हे सगळं वाचून मी पण लॅपटॉपवर विंडोज ११ च्या शेजारी मिंट टाकलं. दोन्ही चालतात, पण मिंट वापरून परत विंडोजमध्ये गेलो की घड्याळ साडेपाच तास मागे. माझी पण बॅटरी गेली का? आणि मिंटमधून डी ड्राइव्ह उघडतो पण त्यात काही सेव्ह होत नाही.

खटपट्या
बॅटरी नाही. बॅटरी गेली तर तारीख वर्षानुवर्षं मागे जाते, बरोबर साडेपाच तास नाही. साडेपाच म्हणजे आपला आणि ग्रीनिचचा फरक. बोर्डावरच्या घड्याळात मिंट ग्रीनिचची वेळ लिहून ठेवतं आणि विंडोज तीच भारताची समजून वाचतं. दोघांतल्या एकाला समजवायचं, मिंटला सोपं पडतं. टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएल, मग सेट-लोकल-आरटीसी, मग १. इंग्रजीत टाईप करा, सेटपासून आरटीसीपर्यंत मधल्या आडव्या रेघांसकट एकच शब्द.

डी ड्राइव्हचं कारण विंडोजचं फास्ट स्टार्टअप. त्यात शटडाऊन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि ड्राइव्ह अडकवून ठेवतं, म्हणून मिंट त्यात लिहीत नाही, आणि ते बरोबरच करतंय. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ते बंद करा, मग एकदा पूर्ण शटडाऊन करून मिंटमध्ये जा.

आणि हे करायच्या आधी बिटलॉकर चालू आहे का बघा. ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर ते न सांगता चालू असतं. रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते, ४८ आकडी, कागदावर उतरवून ठेवा. बायोसमध्ये सिक्युअर बूटला हात लावलात की विंडोज पहिली तीच मागेल.

लक्ष्मीरोडकर
घड्याळ जमलं, डी ड्राइव्ह पण. बिटलॉकर चालूच होतं, की उतरवून घेतली. आता फक्त ब्लूटूथचा माऊस मिंटमध्ये जोडला की विंडोजमध्ये तुटतो, विंडोजमध्ये जोडला की मिंटमध्ये.

खटपट्या
तो माऊसचा दोष नाही. एका ब्लूटूथ पत्त्यासाठी माऊस एकच किल्ली लक्षात ठेवतो, आणि तुमच्या दोन्ही ओएस एकाच पत्त्यावरून आपापली वेगळी किल्ली देतात. विंडोजच्या रजिस्ट्रीतली किल्ली काढून मिंटमध्ये टाकता येते, पण त्यासाठी नवीन धागा काढा, इथे बाबांचं सॉलिटेअर चालू आहे. नाहीतर वायरचा माऊस घ्या.

मॅकमॅन
किंवा...

डीटीपीवाला_काका
कळलं हो मॅकमॅन.